मेंदूचे लोक येणार आहेत

माझ्या हातून होणाऱ्या चुका बहुधा लहान असतात, पण मी त्या चारचौघांत करतो. ही तर मी अख्ख्या गावात केली, कारण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरटी एक तरी माणूस आहे. शुक्रवारी दुपारी मी तिथं लिहिलं, "उद्या सकाळी आठ वाजता शाळेत मोठ्या कॉलेजातून मेंदूचे लोक येत आहेत. सर्वांनी वेळेवर हजर राहावे."

सर्वांनी म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलांनी, हे मला माहीत होतं. मेंदूचे लोक म्हणजे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी चार पोरं, हेही मला माहीत होतं. त्यांच्या नव्या अभ्यासक्रमात असं आहे की वर्गात जे शिकलं ते एखाद्या खेड्यातल्या शाळेत जाऊन शिकवायचं, आणि शिकवताना आपण काय शिकलो ते लिहून द्यायचं. त्याला मार्क असतात. त्यांच्या मॅडमनी फोन केला, पाच शनिवार येतील म्हणाल्या, आणि मी हो म्हणालो. मी वीस-बावीस वर्षं मराठी आणि विज्ञान असे दोन विषय शिकवतो. त्या दोन ओळींत दोन्ही विषयांचं काय झालं, ते शनिवारी सकाळी फाटकापाशी कळलं.

तिथं तीसेक माणसं उभी होती. कुणाच्या हातात फाईल, कुणाच्या हातात गोळ्यांची रिकामी पाकिटं. एक म्हातारी डोक्याला फडकं बांधूनच आली होती. एक शेतकरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, मी चहा घेऊन आलो. चालंल ना? का उपाशीपोटी तपासतेत मेंदू?"

तेवढ्यात सेनगावहून जीप आली आणि तिच्यातून खोकं सांभाळत ती चौघं उतरली. तीन मुली आणि एक मुलगा. त्यातली उंच मुलगी गर्दी बघून खूश झाली. "सर, एवढे पालक आले?" ती म्हणाली, आणि तिचं वाक्य संपायच्या आत एका आजोबांनी तिच्यापुढं मनगट धरलं.

मी पायरीवर उभा राहून खुलासा केला. हे डॉक्टर नाहीत, हे अजून शिकत आहेत, पोरांना शिकवायला आलेत, तपासायला नाही. लोक शांतपणे ऐकून घेऊन पांगले. आमच्याकडं लोक चिडत नाहीत, जाता जाता बोलतात.

"मंग तसं लिहावं ना, सर."

"तुरीचं काम सोडून आलो राजेहो."

"आधी सरायचाच तपासा म्हना मेंदू. फुकट हाय तं."

सगळे गेले. एक बाई राहिली. तिच्या हातात कॅरीबॅग होती, कॅरीबॅगमध्ये दवाखान्याचे कागद, आणि तिच्या मागं तिची मुलगी. सातवीची. आईनं तिला डॉक्टरला दाखवायचं म्हणून आणलं होतं, पण ती शाळेचा गणवेश घालून आली होती. तीन महिने ती शाळेत आली नव्हती, तेवढ्यात बाह्या आखूड झाल्या होत्या. मला बघून तिनं मान खाली घातली, आणि खरं सांगायचं तर मीही.

आई उंच मुलीला म्हणाली, "ताई, तपासू नका. हिला शाळेत धाडू का नको, एवढंच सांगा."

"मावशी, आम्ही डॉक्टर नाही. ते आम्हाला नाही सांगता येणार."

"कोनीच सांगत न्हाई," बाई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "सरायनं म्हनलं काही दिवस घरी ठेवा, मी ठेवलं. पुन्हा कवा धाडू ते सरायनं सांगितलंच न्हाई."

चौघांनी माझ्याकडं पाहिलं.

आता मागचं सांगायला पाहिजे. पोळा होऊन आठवडा झाला होता. सकाळचा परिपाठ चालू होता, प्रतिज्ञा अर्ध्यावर आली होती, आणि ही मुलगी रांगेतून खाली पडली. हातपाय झटकत होते, डोळे वर गेले होते. मुलं ओरडत मागं सरली. कुणीतरी म्हणालं, "चप्पल! चप्पल!" परिपाठाला मुलं चपला काढून उभी राहतात, तेव्हा पायात चप्पल असलेला मी एकटाच. मी डाव्या पायाची चप्पल काढून त्या लेकराच्या नाकाशी धरली. मी विज्ञान शिकवतो हे मी वर लिहिलंच आहे.

थोड्या वेळानं ती शांत झाली. चपलेनं झाली असं सगळ्यांना वाटलं, आणि मलाही वाटलं. आठवडाभर त्या चपलेचा गावात दबदबा होता. पारावर एकजण म्हणाला, "सरायच्या चपलेत पावर हाय." मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं, आणि सांगताना थोडा फुगलोही असेन. ती म्हणाली, "ती चप्पल मी दिवाळीला उकिरड्यावर टाकणार होते."

पण त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट केली होती, ती घरी सांगितली नव्हती. मुलीची आई शेतातून धावत आली, तिच्या हातापायाला सोयाबीनच्या रानातला चिखल होता, आणि मी तिला म्हणालो, "काही दिवस घरीच राहू द्या." काळजीपोटी म्हणालो असं लिहिलं तर कुणी मला अडवणार नाही. पण मला भीती वाटत होती. पुन्हा पडली आणि पायरीचा कोपरा डोक्याला लागला तर मला विचारतील, ही ती भीती. मुलीची नव्हती, माझी होती. नंतर हजेरी घेताना तिचं नाव आलं की मी जरा भरभर वाचायचो.

"आज बसू दे तिला वर्गात," मी त्या बाईला म्हणालो. "तुम्ही व्हरांड्यात थांबा."

वर्गात खोकं उघडलं. आतून मेंदूचा प्लास्टिकचा नमुना निघाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला, जुना. त्याचा मागचा लहान मेंदूचा तुकडा हरवला होता, म्हणून पोरांनी तिथं फुलकोबीचा एक गड्डा टाचणीनं बसवला होता. आमच्या मुलांचं लक्ष शेवटपर्यंत कोबीवरच होतं. उंच मुलगी चेतापेशी, चेतातंतू, आवेग असे शब्द वापरून बोलत होती. शब्द बरोबर होते. मुलं माना हलवत होती, आणि कळलं नाही की मुलं माना हलवतात हे तिला अजून माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी तिनं एक साधा प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिनं हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "उठा सगळे. बाहेर चला. हात धरा एकमेकांचे."

मैदानात अर्धगोल केला. पहिल्यानं दुसऱ्याचा हात दाबायचा, दुसऱ्यानं तो दाब कळला की तिसऱ्याचा, असं शेवटपर्यंत. शेवटच्यानं हात वर करायचा. कॉलेजचा मुलगा मोबाईलवर वेळ मोजणार. "पायाला काटा टोचला की मेंदूला निरोप असाच जातो. एकाकडून दुसऱ्याकडं. फक्त लई लवकर," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'लई' आलं तशी आमची पोरं हसली. तीही हसली. ती आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावकडच्या एका खेड्यातली निघाली.

निरोप निघाला आणि मध्येच थांबला. ती मुलगी जिथं उभी होती तिथं. तिचे दोन्ही हात मोकळे होते. डावीकडचा मुलगा हात खिशात घालून उभा होता, उजवीकडची मुलगी, जी पोळ्यापर्यंत तिच्याच बाकावर बसायची, अर्धं पाऊल लांब.

"काहून रे? धर ना हात," मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, "सर, तिची बिमारी लागते."

"कुणी सांगितलं?"

"मंग तुमी तिला घरी काहून धाडलं?"

मी जाऊन त्या मुलाच्या आणि तिच्या मधे उभा राहिलो आणि तिचा हात धरला. गार होता, आणि घामेजलेला. उजवीकडची मुलगी बघत राहिली. मग तिनं पुढं होऊन हात नाही, पण तिच्या आखूड बाहीचं टोक चिमटीत धरलं.

"पुन्हा," उंच मुलगी म्हणाली.

निरोप आला. मी दाबला. आता तिनं पुढं काय केलं असेल? तिचा उजवा हात तर कुणी धरला नव्हता. तिनं खांदा हलवून बाहीला एक झटका दिला. मैत्रिणीला तो कळला, निरोप पुढं गेला, शेवटच्यानं हात वर केला. कॉलेजचा मुलगा वेळ सांगत होता पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. "पुन्हा करू," मुलंच म्हणाली. तिसऱ्या वेळेला बाहीवरचा हात सरकून मनगटावर आला होता.

सुटीच्या वेळी मी त्या बाईकडून कॅरीबॅग मागून घेतली. इतक्या दिवसांत मी ते कागद मागितले नव्हते. हिंगोलीच्या डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, अक्षर डॉक्टरांचंच. मी आणि उंच मुलगी दोघं मिळून लावत बसलो. गोळी रोज, चुकवायची नाही. विहिरीवर, पाण्याजवळ एकटं जाऊ द्यायचं नाही. आणि खाली एक ओळ, शाळेत जाण्यास हरकत नाही.

उंच मुलीनं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "हे डॉक्टरांनी लिहिलंय मावशी, आम्ही नाही."

बाईनं कागद हातात घेतला, वाचता येत नसताना बराच वेळ बघितला. "म्हंजे धाडता येत व्हतं."

"व्हय," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"आन पुन्हा आलं तर? पुन्हा चप्पल हुंगवसाल आन घरी धाडसाल."

 ती कागदाची घडी घालता घालता म्हणाली, "हे लेकरं येतेत त्या शनिवारी आनते तिला. मी बसंन हितं. बाकी दिवसाचं मला भरवसा न्हाई, सर." आणि मुलीला घेऊन गेली.

संध्याकाळी घरी मी फाटकावरच्या गर्दीची गोष्ट रंगवून सांगितली. उपाशीपोटीवाला तर मी दोनदा सांगितला. बायको शिलाई मशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होती. हसली. मग त्या मुलीचंही सांगितलं, कारण गोष्ट तिथं येऊन अडली. मशीन थांबलं.

"काही दिवस म्हणाला होतात? किती दिवस?"

"काही म्हणजे काहीच. आकडा नव्हता डोक्यात."

तिनं दात लावून दोरा तोडला. "माझ्या आईनं मला काही दिवसच म्हणून बसवलं होतं घरी. नववीत होते. धाकटा भाऊ झाला होता तेव्हा." एवढंच बोलली आणि मशीन सुरू केलं. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. ती नववीपर्यंत शिकलेली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण का, हे मी विचारलंच नव्हतं. विज्ञानाच्या माणसाला प्रश्न पडायला पाहिजेत, असं मी दर जूनमध्ये मुलांना सांगतो.

पुढचे तीन शनिवार ती मायलेक येत गेली. आई व्हरांड्यात तूर निवडत बसायची, कान आत. मुलगी आपल्या जुन्या बाकावर. सोमवार ते शुक्रवार तिची जागा रिकामी. मी घरी जाऊन यावं असं दोनदा ठरवलं, आणि दोन्हीदा वाटेतूनच परतलो. माझ्या शब्दाला आता तिथं काय किंमत होती?

त्यातल्या तिसऱ्या शनिवारी चौघांनी फिटचा पाठ घेतला. तो ठरलेल्या पाठांत नव्हता. त्यांनी मॅडमना विचारलं, मॅडमनी डॉक्टरांना विचारलं, काय सांगायचं ते एका कागदावर लिहून आणलं. आदल्या दिवशी उंच मुलीनं मला फोन करून मुलीच्या आईला फोनवरच विचारायला लावलं, चालेल का म्हणून. आई म्हणाली, मुलीला विचारा. मुलगी म्हणाली, नाव घेऊ नका, बाकी सांगा.

नाव कुणीही घेतलं नाही. उंच मुलीनं एका बाकाला सातचा पाढा दिला, एकाला महिन्यांची नावं, एकाला गावातल्या आळ्या. एकेकाला हात करायची, तो बोलायचा, सगळं नीट ऐकू यायचं. मग म्हणाली, आता सगळ्यांनी एकदम, जोरात. पत्रे हादरले. व्हरांड्यातली बाई उठून दारात आली.

मुलं दमून गप्प झाली तेव्हा ती म्हणाली, "मेंदूतल्या पेशी एरवी आळीपाळीनं बोलतात. कधीकधी एखाद्याच्या मेंदूत सगळ्या एकदम ओरडतात. तेव्हा हाताला कळत नाही काय करायचं, पायाला कळत नाही. आत्ता तुम्ही थांबलात, तुम्हाला कुणी थांबवलं?"

"कोनीच न्हाई. दमलो."

"तशाच त्याही बहुतेक वेळा आपल्याआपण थांबतात. हात लावल्यानं कुणाला लागत नाही. आपण दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. डोक्याखाली मऊ ठेवायचं, कुशीवर करायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन."

मागच्या बाकावरून प्रश्न आला, तो येणारच होता. "मंग सरायची चप्पल?"

उंच मुलीची मोठी पंचाईत झाली. वय वीस असेल, खेड्यातली, सरांसमोर उभी, आणि सरांचं चुकलं म्हणायचं. तिनं कागदाकडं पाहिलं. कागदात चप्पल नव्हती. "म्हणजे... फिट थांबायची वेळ आलेली असते, आणि चप्पल तेव्हाच..." असं काहीतरी ती म्हणू लागली.

मी उठलो. गेल्या तीन महिन्यांत माझ्याकडून एवढंच एक काम बरं झालं. "चपलेनं काही होत न्हाई," मी म्हणालो. "फिट तिची ती थांबली. माझ्या चपलेचा फक्त वास होता. मला म्हाईत नव्हतं, आणि म्हाईत न्हाई असं मी कुणाला सांगितलं न्हाई. तिला घरी ठेवा म्हणलो तेही चुकीचं. तिच्यापासून कुणाला काही लागत न्हाई. पुन्हा कुणाला शाळेत फिट आली तर ती उठल्यावर इथंच बसंल, वर्गात."

मुलं हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. एक पोरगं तेवढं वाकून माझ्या पायांकडं बघत होतं. दारात उभी असलेली बाई परत तुरीकडं गेली.

सोमवारी परिपाठाला मी रांगा बघितल्या. सातवीच्या रांगेत ती होती. एकटीच आली होती, दप्तर घेऊन.

चौघांचे शनिवार संपले. जाताना मी उंच मुलीला विचारलं, काय शिकलो म्हणून काय लिहिणार? "अजून लिहिलं नाही सर," ती म्हणाली. "चेतापेशी कशी सांगायची ते एक. आणि आम्ही डॉक्टर नाही, हे किती वेळा सांगावं लागतं ते." कोबी सुकला होता. तो काढून तिनं आमच्या शेळीवाल्या पोराला दिला.

नंतर फेब्रुवारीत, गणिताच्या तासाला, तिला पुन्हा फिट आली. मी शेजारच्या वर्गात होतो. आरडाओरडा झाला नाही, बाक सरकवल्याचा आवाज तेवढा आला. मी पोचलो तेव्हा ती खाली होती, डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर, आजूबाजूचे बाक लांब केलेले. तिची मैत्रीण, बाहीवाली, खांद्याशी हात ठेवून बसली होती. एक मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोठ्यानं मोजत होता. मी दारातच वाकलो. का वाकलो ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांची सवय असते, हात आपोआप पायाकडं गेला.

घड्याळावरची नजर न काढता तो मुलगा म्हणाला, "सर, चप्पल राहू द्या. दोन मिन्टं झालेत."

अडीच मिनिटांनी ती शांत झाली. कुशीवर केली. उठल्यावर पहिल्यांदा तिनं विचारलं, तिची पाण्याची बाटली कुठं आहे. मग घाबरून माझ्याकडं पाहिलं. मला ती नजर कळली. पोळ्यानंतरच्या त्या सकाळीही तिनं असंच पाहिलं असणार, आणि मी तिच्या आईशी बोलत होतो.

"बस जागेवर," मी म्हणालो. "थोडं डोकं टेक. भूगोलाला उठ."

आई आली. या वेळी हातात कॅरीबॅग होती, पण उघडली नाही. दारातून लेकीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "काय करू, सर?"

"डॉक्टरांना फोन करून सांगा, फिट आली म्हणून. आणि उद्या वेळेवर धाडा."

ती थोडा वेळ थांबली, व्हरांड्यात, आपल्या नेहमीच्या जागी उभी. मग कपाशी वेचायची राहिलीय म्हणून शेतात निघून गेली. लेक शेवटच्या घंटेपर्यंत वर्गात होती.

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. या वेळी काही रंगवलं नाही. तिनं मशीन मध्येच थांबवून ऐकलं. चपलेवर आलो तेव्हाही हसली नाही.

"तिच्या आईला काय म्हणालात?"

"उद्या वेळेवर धाडा म्हणालो."

तिनं मशीनचा पट्टा सारखा केला, सुईखाली कापड धरलं, आणि म्हणाली, "बरं केलंत. आता ग्रुपवर टाकू नका हे."